तीनशे मीटर कोऱ्या खडकाखाली

दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, रॉक्सबी डाउन्स नावाचे पशुपालनाचे विस्तीर्ण रान आहे. लाल वाळूचे उंचवटे, खुरटी झुडपे आणि जनावरांच्या पाण्यासाठी खणलेली तळी. त्यातले एक तळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमाराचे, म्हणून त्याचे नाव पडले ‘ऑलिंपिक डॅम’. आज हेच नाव तांबे, सोने, चांदी आणि युरेनियम यांच्या जगातल्या अत्यंत मोठ्या साठ्यांपैकी एकाला चिकटले आहे.

पूर्वीच्या काळी तांबे सापडे ते डोळ्यांना. उघड्या खडकावर हिरवा-निळा थर दिसला, की माणसे तिथे कुदळ मारत. ऑलिंपिक डॅमला असा डाग दिसण्याची सोयच नव्हती. धातू असलेल्या खडकावर ३०० मीटरहून अधिक जाडीचे गाळाचे आडवे थर पसरले होते आणि त्यांत तांब्याचा मागमूसही नव्हता. तरीही १९७५ मध्ये वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशन या कंपनीने तळ्याजवळ यंत्र उभे करून पहिले भोक पाडायला घेतले.

यामागे एक तर्क होता. डग्लस हेन्स या भूवैज्ञानिकाने बेसॉल्टचा अभ्यास केला होता. बेसॉल्टचे ऑक्सिडीकरण झाले, की त्यातले तांबे सुटून पाण्याबरोबर वाहून जाते आणि जवळच्या गाळाच्या खडकांत साठू शकते, असे त्याचे म्हणणे. मग असा बेसॉल्ट जमिनीत कुठे दडला असेल? उत्तर शोधायला गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्वाचे नकाशे पुढे आले. जमिनीखाली जड खडक असेल, तर तिथले गुरुत्वाकर्षण किंचित जास्त भरते आणि नाजूक उपकरण तो फरक पकडते. भूभौतिकीतज्ज्ञ ह्यू रटर यांनी नकाशांवर असे गुरुत्वाकर्षणाचे उंचवटे हेरले. टिम ओड्रिस्कोल यांनी भूकवचातल्या लांबच लांब भेगांच्या रेषा आखल्या होत्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या जागा त्यांनी सुचवल्या. तिन्ही वाटा ऑलिंपिक डॅमपाशी येऊन मिळाल्या.

पहिल्या भोकात, आरडी-१ मध्ये, साडेतीनशे मीटरच्या आसपास ३८ मीटर लांबीच्या खडकात सुमारे एक टक्का तांबे लागले. आनंद व्हावा असेच हे यश. पण पुढच्या कित्येक भोकांनी निराशा केली. मोहिमेचे प्रमुख रॉय वुडल यांनी तरीही वेधन थांबवले नाही. १९७६ च्या अखेरीस आरडी-१० मध्ये तब्बल १७० मीटर खडक सापडला, त्यात सरासरी दोन टक्क्यांहून अधिक तांबे, सोबत युरेनियम. त्या भोकाने सारा संशय फिटला.

गंमत पुढेच आहे. गुरुत्वाकर्षणाचा उंचवटा दडलेल्या बेसॉल्टचा नव्हताच. तो होता हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या लाल ऑक्साइडचा. हेमॅटाइटची घनता पाण्याच्या पाचपट, आजूबाजूच्या ग्रॅनाइटची पावणेतीनपटही नाही. साठाही गाळाच्या खडकांत नव्हता. तो होता फुटून चुरा झालेल्या ग्रॅनाइटमध्ये. सुमारे १५९ कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखींचा प्रचंड उद्रेक चालू होता. त्याच सुमाराला घट्ट झालेला ग्रॅनाइट पुन्हापुन्हा तडकला आणि भेगांतून लोहाने भरलेले उष्ण, खारट पाणी वर आले. वरच्या थंड, ऑक्सिजनयुक्त पाण्याशी त्याची गाठ पडली, की चाल्कोपायराइट, बोर्नाइट आणि चाल्कोसाइट ही तांब्याची खनिजे साकळत. सोने-चांदीचे सूक्ष्म कण त्यांच्याबरोबर बसत. नंतर गाळाचे थर चढले आणि त्यांनी हा साठा झिजण्यापासून जपला.

हेन्सचा तर्क चुकला म्हणून तो निकामी ठरत नाही. त्याने यंत्र कुठे न्यायचे ते सांगितले आणि खडकाने चूक दाखवली, तेव्हा माणसांनी खडकाचे ऐकले. माझ्या मते या शोधाचे खरे मोठेपण त्यातच आहे. त्यातून ‘लोह-ऑक्साइड-तांबे-सोने’ हा साठ्यांचा नवा वर्गच भूविज्ञानाला मिळाला. ऑलिंपिक डॅमच्याच पट्ट्यात पुढे २००१ मध्ये प्रॉमिनंट हिल आणि २००५ मध्ये कॅरापटीना हे साठे हाती आले. कॅरापटीनाचा खडक तर पावणेपाचशे मीटर खाली होता.

ऑलिंपिक डॅमचे उत्पादन १९८८ मध्ये सुरू झाले. टनभर खडकात सोने ग्रॅमभरही नसते; केवळ त्यासाठी एवढ्या खोल कुणी उतरले नसते. तांबे विद्युतविच्छेदनाने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो चिखल जमतो, त्यातून सोने आणि चांदी वेगळी काढतात. तांब्यामुळे खाण उभी राहते आणि हे धातू तिच्या मिळकतीत भर घालतात.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे ग्रॅनाइटी खडकांत तांबे आढळले आहे आणि संशोधक त्याची तुलना याच वर्गाशी करतात. राज्याचा बहुतांश भाग मात्र दख्खनच्या बेसॉल्टने झाकलेला आहे. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडले, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसॉल्टनंतर ग्रॅनाइट लागला. इतक्या जाड आवरणाखाली काय आहे ते डोळ्यांना दिसणार नाही. तिथे गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व आणि जुन्या भोकांच्या नोंदी यांचाच आधार. अशाच माहितीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार ऑनलाइन सुरू केले. भूविज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ते उघडावे आणि आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी.