आटपाडीला रेल्वे नाही, तिकिटं मात्र लागतात

आटपाडीला रेल्वे नाही. गाडी धरायची तर सांगोला, पंढरपूर, नाहीतर थेट मिरज. तरी तत्काळ तिकिटाच्या वेळा आमच्याकडं पोराटोरांनाही पाठ: एसीला सकाळी 10, बिगरएसीला 11. कारण निम्मी भावकी गलाईत. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी कोणी कोइमतूरला, कोणी वाराणसीला. चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा जवळ आली, की पुण्यात सर्व्हरचं काम करणाऱ्या मला चुलत्यांचे फोन सुरू होतात. "तू कंप्युटरमधला ना? मग तिकीट काढताना पडद्यावर ते गोल गोल फिरतं ते का फिरतं, एवढं तरी सांग."

याचं उत्तर तिकिटाच्या यंत्रणेच्या पोटात आहे. 2014च्या एप्रिलमध्ये आयआरसीटीसीची, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकीटविक्रीची, नवी यंत्रणा आली. रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेनं ती बांधली. जुनीची क्षमता मिनिटाला 2,000 तिकिटांची, नवीची 7,200. त्या रचनेत 'जेमफायर' नावाची वितरित कॅश होती. म्हणजे सारखी लागणारी माहिती दरवेळी डेटाबेसमधून उपसायची नाही, अनेक यंत्रांच्या मेमरीत वाटून ठेवायची. फिरत्या डिस्कवर एखादी नोंद शोधायला साधारण 10 मिलिसेकंद जातात, मेमरीत 100 नॅनोसेकंद. लाखपटीचा फरक.

पण मेख अशी, की ती मेमरी असते दुसऱ्या यंत्रात. नेटवर्कवरून जाऊन यायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो, आणि तेवढ्यात प्रोसेसर लाखो सूचना उरकू शकतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक गिऱ्हाइकामागं एक थ्रेड, म्हणजे सर्व्हरमधला एक कामकरी. तो कॅशला विचारतो आणि उत्तर येईस्तोवर हातावर हात धरून बसतो. जावामध्ये असा एक थ्रेड सहसा 1 एमबी जागा अडवतो. दहा हजार थ्रेड ताटकळले तर हिशोब तुम्हीच करा.

शनिवारी आमच्याकडच्या बाया गिरणीत दळण टाकतात, डब्यावर नावाची चिठ्ठी लावतात आणि पीठ होईस्तोवर बाजार उरकतात. असिंक्रोनस, नॉन-ब्लॉकिंग म्हणतात ते हेच. थ्रेड विनंतीवर क्रमांक टाकून ती पाठवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. उत्तर आलं की क्रमांक जुळवून जो मोकळा असेल तो काम पुरं करतो. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके थ्रेड हजारोंना पुरतात. 2009 साली आलेली 'रेडिस' ही लोकप्रिय कॅश तर आज्ञा मुळात एकाच थ्रेडवर चालवते.

एवढं ऐकून आमच्यातले काही नवशिके सगळंच असं लिहायला बसतात. विनंती सोडून दिली, उत्तराकडं पाहिलंच नाही. चूक झाली तर कुणाला पत्ताही नाही. शिवाय किती विनंत्या एकदम सोडायच्या याला मर्यादा घातली नाही, तर रांग मेमरीत फुगत जाते आणि सर्व्हरच आडवा होतो. तुम्ही रिफ्रेश मारता तेव्हाही बहुतेकदा आधीची विनंती मागं फिरत नाही, नवी तिच्या मागं उभी राहते.

आणि बर्थ कॅशमधून देता येत नाही. तो एकाच प्रवाशाला जायला हवा, म्हणून खरं वाटप रेल्वेच्या मूळ आरक्षण यंत्रणेतच, क्रमानं होतं. पडद्यावर 12 जागा दिसतात आणि पैसे भरेपर्यंत वेटिंग येतं, कारण तो आकडा क्षणभरापूर्वीचा असतो. बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर पैसे कापलेले आणि तिकीट नाही. अशा वेळी प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांकच कामी येतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा कापायचे नाहीत, आणि उत्तर उशिरा आलं तर पैसे कुणाच्या खात्यात परत करायचे तेही त्यावरूनच कळतं.