प्रीमियर पद्मिनी मोटारीचे घरगुती पुनरुज्जीवन

प्रीमियर पद्मिनी मोटारीचे पुनरुज्जीवन म्हणजे मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने तयार केलेल्या फियाट ११०० मालिकेतील जुन्या मोटारी दुरुस्त करून मूळ अथवा मालकाच्या पसंतीच्या रूपात पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम होय. महाराष्ट्रात घरच्या अंगणात किंवा ओळखीच्या मेस्त्रीच्या मदतीने हे काम सर्वाधिक प्रमाणात याच गाडीवर केले जाते. साधी यंत्ररचना, सुट्या भागांची उपलब्धता आणि बहुतेक मराठी कुटुंबांच्या आठवणीत तिला असलेले स्थान ही त्याची कारणे आहेत. या कामात दोन भिन्न उद्देश एकत्र येतात. एक म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी करणे आणि दुसरा म्हणजे तिच्यात फेरफार करून तिला वेगवान किंवा देखणी बनवणे. भारतातील सध्याच्या कायद्यामुळे या दोन उद्देशांतून निवड करणे मालकाला भाग पडते.

पार्श्वभूमी

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. १९५० च्या दशकात इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य सुरू झाले आणि ११०० हे प्रतिरूप भारतात आले. त्याच्या गोलसर, फुगीर आकारामुळे महाराष्ट्रात त्याला 'डुक्कर फियाट' असे नाव पडले. हे नाव आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात बिनदिक्कत वापरले जाते आणि त्यात अनादराचा भाव नसतो. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी रूपे आली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट हे कोनाकृती रूप आले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी' असे करण्यात आले. परवाना पद्धतीच्या काळात ही गाडी मिळवण्यासाठी आगाऊ नोंदणी करून अनेक वर्षे थांबावे लागे. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती सेवेतून बाद झाली. खासगी मालकीच्या पद्मिनींना ही मर्यादा लागू नाही.

पद्मिनी ही स्पोर्ट्स मोटार नव्हे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. तरीही भारतातील मोटार शर्यतींच्या इतिहासात तिच्या कुळाला महत्त्व आहे. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी स्पोर्ट्स मोटारी मोजक्याच लोकांकडे होत्या. त्यामुळे चेन्नईजवळील शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत सामान्य घरगुती गाड्याच सुधारून उतरवल्या जात आणि त्यांत फियाट ११०० अग्रभागी असे. हेड घासून संपीडन वाढवणे, दुसरा कार्ब्युरेटर बसवणे, धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची रचना बदलणे, बंपर आणि मागची आसने काढून वजन कमी करणे असे उपाय त्यासाठी केले जात. पद्मिनीला 'स्पोर्टी' रूप देण्याची आजची हौस याच परंपरेतून आली आहे.

गाडीची रचना

इंजिन चार सिलिंडरचे, १,०८९ घनसेंटीमीटर क्षमतेचे असून सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा व हेड अॅल्युमिनियमचे आहे. शक्ती मागील चाकांना मिळते. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांचे स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावरील चार गिअर अशी मांडणी असते. या गाडीला स्वतंत्र चॅसी नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा आहे. ट्रक किंवा जुन्या जीपच्या सवयीने काम करणाऱ्या कारागिरांकडून हीच गोष्ट अनेकदा दुर्लक्षित होते. जीपचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पद्मिनीचे दाराखालचे पोकळ तुळईसारखे भाग सडले, तर गाडी मधोमध खचू लागते. दार उघडल्यावर पुन्हा सहज बसत नसेल, तर बिजागरी दोषी ठरवण्यापूर्वी हे भाग तपासावेत.

पाहणी आणि पत्राकाम

गाडी विकत घेण्यापूर्वी चुंबक सोबत नेण्याची पद्धत उपयुक्त आहे. चुंबक जेथे चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबीचा जाड थर असतो. पायांखालचा तळ, चाकांवरच्या कमानी, डिकीतील जादा चाकाची जागा आणि जॅक लावण्याची ठिकाणे ही गंजाची नेहमीची घरे होत. कोकण व मुंबईतील गाड्यांत गंज अधिक असतो. विदर्भातील कोरड्या हवेत राहिलेल्या गाड्यांचा पत्रा तुलनेने चांगला सापडतो; मात्र उन्हामुळे रबरी पट्ट्या, तारांची आवरणे आणि आसनांचे कापड कडक होऊन तडकलेले असते. गोठ्यात किंवा कापसाच्या गोदामाशेजारी उभ्या असलेल्या गाडीतील तारा उंदरांनी कुरतडलेल्या असणे हेही नेहमीचेच आहे.

सडलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे हा खरा उपाय होय. गंजावर लांबी भरून रंग देणे हा विक्रीपुरता उपाय असून पहिल्या पावसाळ्यातच तो उघडा पडतो. काम सुरू करताना सर्व भाग एकाच वेळी खोलू नयेत. अर्धवट सोडलेल्या बहुतेक पुनरुज्जीवनांचे कारण पैसा नसतो. खोलून ठेवलेले नट-बोल्ट कोठले, हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही, हे त्याचे कारण असते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढणे आणि बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवणे यासाठी खर्च जवळजवळ शून्य येतो.

शीतकरण आणि खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी असून त्याचा मोठा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. येथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा होते. पण जुन्या मोटारीसाठीही तो तितकाच कळीचा आहे.

अॅल्युमिनियमचे हेड आणि लोखंडी ब्लॉक यांना क्षारयुक्त पाणी स्पर्श करते, तेव्हा बॅटरीच्या घटासारखी विद्युत-रासायनिक क्रिया घडते. दोन धातूंपैकी अधिक क्रियाशील असलेले अॅल्युमिनियम झिजते. पाण्याच्या वाटांभोवतीचा धातू खड्ड्याखड्ड्यांचा होतो, गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरते. तेल दुधी दिसणे आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे ही त्याची लक्षणे आहेत. दुसरीकडे पाणी तापून क्षार खाली बसतात आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्या तुंबतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात अशी गाडी घाटापर्यंतही पोहोचत नाही. हेड एकदा अतितप्त झाले की ते वाकते. ते सरळ आहे की नाही, हे पोलादी पट्टी आडवी ठेवून तिच्याखालची फट फीलर गेजने मोजून कळते. वाकलेले हेड लेथवाल्याकडून घासून घेता येते. परंतु प्रत्येक घासणीत ते पातळ होते आणि संपीडन वाढते, म्हणून हा उपाय मर्यादित वेळाच करता येतो.

यावर उपाय सोपा आहे. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी कधीही न घालता ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण भरावे. बॅटरीच्या दुकानात मिळणारे पाणी यासाठी चालते. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आढळते. निरोगी शीतकरण असलेल्या इंजिनात तिने तापण्याचा दोष जात नाही. उलट इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास उशीर लागतो व झीज वाढते.

इंधन, ब्रेक आणि वीज

ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. आता देशभर सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते. म्हणून पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे इथेनॉल सहन करणाऱ्या पदार्थाची बसवावी लागतात. मिश्रणात ऑक्सिजन जास्त असल्याने कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा करण्याची गरज पडू शकते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून प्रथम कार्ब्युरेटर खोलणाऱ्याने टाकी आधी पाहावी.

ब्रेकच्या बाबतीत हौशी कारागिराने कोणतीही सवलत घेऊ नये. चाकांतील व मुख्य सिलिंडरमधील सर्व रबरी कप बदलावेत. त्यांत फक्त ब्रेक तेलच भरावे, कारण इंजिनचे तेल चुकूनही गेले तर रबर फुगून ब्रेक निकामी होतात. जुन्या ब्रेक पट्ट्यांत व गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवणे फुप्फुसांसाठी घातक असून ती ओल्या फडक्याने पुसावी. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम टेकू देणे अनिवार्य आहे. संग्रामपूरसारख्या काळ्या मातीच्या भागात तर कठीण दिसणारी जमीनही भाराखाली खचते, त्यामुळे काम फरशी किंवा काँक्रीटवर करावे. टाकीजवळ वेल्डिंग करण्यापूर्वी टाकी काढून दूर ठेवणे आवश्यक असते. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते.

विजेच्या बाबतीत जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आणि पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवणे हे सर्वसामान्य बदल आहेत. मूळ भाग जपून ठेवल्यास ते पुन्हा बसवता येतात.

सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या मोटार बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. पुण्याचा बाजार बुधवारी व रविवारी भरतो. ग्रामीण भागातील मालकाला ते पार्सलने मागवावे लागतात, म्हणून नमुना म्हणून जुना भाग सोबत पाठवणे किंवा त्याचे मोजमाप आधी कळवणे सोयीचे ठरते.

फेरफार आणि कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोरपणे लागू होते, असे स्पष्ट केले. छत कापून पद्मिनीची उघडी दोन आसनी गाडी बनवणे किंवा दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन बसवणे हे त्यामुळे बेकायदेशीर ठरते. त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन बदलता येते. रंग बदलल्यासही त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. विजेवर चालवण्यासाठीचा संच बसवायचा असल्यास तो मान्यताप्राप्त असावा लागतो. विनानोंद फेरफार केलेल्या गाडीचा अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, हा धोका शर्यतीच्या हौसेपेक्षा मोठा आहे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. कागदपत्रे हरवलेली, वारसांच्या नावे न झालेली गाडी स्वस्तात मिळते खरी. पण पुनरुज्जीवनानंतर तिची नोंदणी होऊ शकली नाही तर सर्व खर्च अंगणातच उभा राहतो. त्यामुळे पाना हाती घेण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील इंजिन व चॅसी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी 'विंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चॅसी, कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही मुख्य अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. नव्याने नोंदलेल्या वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनांना मूळ क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे.

'पद्मिनी' हे नाव धारण करणाऱ्या सर्वांत जुन्या गाड्यांना २०२४ मध्ये ५० वर्षे पूर्ण होऊ लागली. म्हणजे १९७० च्या दशकातील मूळ इंजिन व मूळ कवच असलेल्या पद्मिनीला आता किंवा लवकरच हा दर्जा मिळू शकतो. १९९० च्या दशकातील गाडीला मात्र त्यासाठी आणखी बरीच वर्षे थांबावे लागेल. ज्या मालकाने दहा वर्षांपूर्वी हौसेने इंजिन बदलले, त्याला जुना ब्लॉक भंगारात दिल्याचा पश्चात्ताप होऊ शकतो. या कारणाने जाणकार मेस्त्री काढलेले मूळ भाग, विशेषतः क्रमांक कोरलेला ब्लॉक, तेल लावून पोत्यात गुंडाळून ठेवण्यास सांगतात.