चेहऱ्याचा लकवा : तपासणी समोर, व्यायाम फोनवर

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळू लागते. आरशात पाहावे तर तोंड एकीकडे ओढलेले, एक डोळा मिटत नाही. घरात रडारड सुरू होते. कोणी म्हणते वारं लागलं, कोणी म्हणते कुणीतरी काही केलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही अशा वेळी पहिली धाव भगताकडे जाते, हे कटू असले तरी खरे आहे.

हा बहुतेक वेळा चेहऱ्याचा लकवा असतो. डॉक्टर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यातून येते. तिला सूज आली की ती दबते आणि त्या बाजूचे स्नायू ढिले पडतात. मधुमेही व्यक्ती आणि गरोदर स्त्रिया यांना धोका अधिक. स्टेरॉईडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. भगताच्या दारात नेमके हेच तीन दिवस जातात.

मेंदूच्या झटक्यातही तोंड वाकडे होते. दोन्हींतला फरक घरी ओळखत बसू नये. हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून पहिली तपासणी डॉक्टरांसमोरच व्हायला हवी. फोनवर नाही.

फोनचे काम त्यानंतर सुरू होते. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत सुधारू लागतो, काहींना मात्र महिनोन्महिने व्यायाम लागतो. घिवलीहून आधी बोईसर गाठायचे, तिथून लोकलने मुंबई. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर असणाऱ्याची एक खेप म्हणजे एक हजेरी बुडाली. दोन-तीन खेपांनंतर माणूस उपचार सोडतो, यात त्याचा दोष काय? तेव्हा पहिल्या भेटीतच फिजिओथेरपिस्टला विचारावे, "पुढचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर दाखवाल का?"

कॉलच्या वेळी फोन डब्याला टेकवून हनुवटीच्या उंचीवर ठेवावा. उजेड समोरून यावा, पाठीमागून नको. हातात आरसा घ्यावा. भुवया उचलणे, डोळे हळू मिटणे, नाक आक्रसणे, ओठ मिटून हसणे, ओठांचा चंबू करणे, असे हे व्यायाम असतात. लुळ्या बाजूला बोटाचा हलका आधार द्यावा. थोडा वेळ, पण दिवसातून दोन-तीनदा. शेजारी सांगतात जोरात फुगे फुगव, च्युइंगम चघळ. तसे करू नये. जोर केल्याने नस बरी होताना चुकीची सवय लागू शकते : हसायला गेले की डोळाच मिटतो. असे दिसले तर थांबावे आणि तज्ज्ञाला सांगावे.

डोळ्याची काळजी मात्र व्यायामाहूनही आधी. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. किनाऱ्यावरचा वारा आणि वाळू त्यात भर घालतात. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब व चष्मा, रात्री मलम लावून पापणी पट्टीने मिटवून झोपावे.

औषधांबद्दल शंका असेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला फोनवर विनामूल्य मिळतो. २०२० च्या टाळेबंदीत ती घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली. आशाताईंना विचारले तर त्या उपकेंद्रातूनही जोडून देतील. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर मात्र फोनवर भागवू नये, प्रत्यक्ष दाखवावे.

अडचण आणखी एक आहे. घरात चांगला फोन एकच, आणि तो दिवसा कंपनीत. बाई वाकडे तोंड पदरात लपवते, वंदनेलाही येत नाही. महिला मंडळाने दुपारी विहाराची एक खोली अर्धा तास मोकळी ठेवावी, कॉलेजच्या मुलीने फोन लावून द्यावा आणि बाहेर थांबावे. आरशासमोर तोंड हलवताना कुणी बघत नसले की संकोच जातो.

दर रविवारी एक छोटा व्हिडिओ काढावा : भुवया उचलून, डोळे मिटून, हसून. तीन आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही, किंवा तीन महिन्यांनीही डोळा पूर्ण मिटत नसेल, तर ते व्हिडिओ घेऊन पुन्हा रुग्णालयात जावे. तेवढ्या एका खेपेची हजेरी बुडू द्यावी.