आषाढीचा बटाटा आणि नवरात्रातला बटाटा

सातारा-सांगलीकडच्या घरांत उपवासाला कच्च्या बटाट्याच्या किसाचे थालीपीठ लावतात. साहित्य साधेच: बटाटा, थोडे भगरीचे पीठ, शेंगदाण्याचे कूट, मिरची, जिरे, मीठ. तवा तोच, हातही तोच. तरी कधी थालीपीठ सोनेरी, कुरकुरीत होते, तर कधी वरून काळपट आणि आत गिच्च राहते. असे का होते?

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. हे पाणी आहे तोवर किसाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. तोवर कीस नुसता शिजतो. कुरकुरीतपणा पाणी निघून गेल्यावरच येतो. खमंग वास व तांबूस रंग मात्र वेगळ्या प्रक्रियेचे फळ. बटाट्यातील साखर आणि अमिनो आम्ले यांची ही प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. साखर जास्त असेल, तर कडा लवकर काळवंडतात, आपण थालीपीठ घाईने उतरवतो आणि पाणी आतच राहते.

ही जास्तीची साखर बहुधा शीतगृहात तयार होते. काढणीनंतरही बटाटा जिवंत असतो. २ ते ४ अंशांच्या थंडीत त्यातील काही स्टार्चचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते. आता पंचांग पाहा. आषाढी एकादशी येते तेव्हा खटाव-कोरेगावकडे, पुसेगावच्या परिसरात, पावसाळी बटाट्याची लागण नुकतीच चाललेली असते. बाजारातला बराचसा बटाटा तेव्हा उन्हाळ्याआधी काढून शीतगृहात ठेवलेला असतो. नवरात्राच्या सुमारास मात्र स्थानिक माल निघू लागतो. त्याला थंडी लागलेली नसते, पण पाणी भरपूर असते. म्हणजे आषाढीला साखरेशी गाठ, नवरात्रात पाण्याशी!

दोन्हींवर उपाय एकच. कीस भांडेभर पाण्यात खळबळून घ्या, मग फडक्यात घालून घट्ट पिळा. धुताना बरीच साखर पाण्यात जाते. ते पाणी लगेच ओतू नका. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी पांढरा साका बसेल. वरचे पाणी ओतून द्या आणि साका परत किसात मिसळा. हा साका म्हणजे स्टार्च. तो ६०-७० अंशांना पाणी शोषून फुगतो आणि कीस बांधून ठेवतो. त्यामुळे वरून पीठ कमी लागते. चिमूटभर साका बाजूला काढून शाळेत न्यावा, आयोडीनचा एक थेंब टाकावा. निळा-काळा रंग येतो. (तो नमुना अर्थातच खायचा नाही.)

मीठ अगदी शेवटी, थापण्याच्या वेळी घाला. आधी घातले तर परासरणाने किसातून पुन्हा पाणी सुटते. थालीपीठ पातळ थापा. मधली भोके शोभेची नव्हेत: त्यांतून वाफ बाहेर पडते आणि तेल आत उतरते. तेल चांगले तापू द्या, मग आच मध्यम ठेवा. कडेने येणारे बुडबुडे तेलाचे नसून वाफेचे असतात. ते मंदावले की पाणी संपत आले असे समजा आणि उलटा.

सोनेरी रंगावर थांबावे, याला आणखी एक कारण आहे. त्याच साखरेपासून आणि अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लापासून जास्त तापमानाला अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ते असते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग होतो असे आढळले आहे. रंग जितका काळपट, तितके ते साधारणपणे अधिक.

म्हणून तळायचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. शीतगृहातले बटाटे आणले असतील तर एकादशीच्या दोन-तीन आठवडे आधी आणून अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात टोपलीत ठेवावेत. उबेत काही साखर श्वसनात खर्च होते, काहीचे पुन्हा स्टार्च होते. तयार थालीपिठे मात्र झाकणाच्या डब्यात रचू नका. चाळणीवर सुटी ठेवा, नाहीतर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते.