छंद टिकतो कशाने?

फावल्या वेळात संगणकावर खेळ तयार करायला बसणारे आपल्यापैकी बरेच जण तो अर्ध्यावर सोडतात. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे, तर खेळ खेळण्याजोगा होईपर्यंत उत्साह पुरत नाही म्हणून.

१९८४ साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. मूळ कल्पना पाच चौरसांच्या तुकड्यांची होती. नुसते फिरवून जुळणारे तुकडे एकच मानले, तर असे १८ आकार होतात. चार चौरस घेतले की फक्त ७! त्या संगणकावर चित्रे उमटत नसत, म्हणून त्यांनी चौरसांच्या जागी कंस वापरले. खेळ चालू लागला आणि तपासण्याच्या निमित्ताने ते स्वतःच तो खेळत राहिले. रंग पुढे आले, त्यात वादिम गेरासिमोव या १६ वर्षांच्या शाळकरी मुलाचा हात होता.

यातून आपण काय घ्यावे? कल्पना लहान करावी, सजावट मागे ठेवावी, पडद्यावर काहीतरी लवकर हलताना दिसावे.

वर्गात चौकटीच्या कागदावर मुलांना आधी हे ७ आकार शोधू द्यावेत. सात सापडले, की अठरांच्या मागे ती आपणहून लागतील.