खलनायकाची मुदत

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात डिस्नी कंपनीच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. तिथे व्यासपीठावरून जाहीर झालं की फ्लोरिडातल्या ‘मॅजिक किंगडम’ या बागेत लवकरच खलनायकांचा स्वतंत्र विभाग उभा राहणार आहे. दोन मोठ्या राइड, खाण्याची ठिकाणं आणि अर्थातच दुकानं. १९७१ साली उघडलेल्या या बागेत राजकन्या होत्या, उंदीर होता, चाचेसुद्धा होते. पण दुष्ट राण्या, चेटकिणी आणि कपटी काका यांना स्वतःची अशी जागा नव्हती. चाहते वर्षानुवर्षं ती मागत होते. घोषणा ऐकून सभागृह दणाणलं. मागितलेलं पदरात पडलं, आणि मग भांडण सुरू झालं.

भांडण जागेचं नाही, पैशाचंही नाही. ते आहे सुराचं. हा विभाग खरोखर अंगावर येणारा असावा, की खट्याळ आणि हसरा? एका गटाला काळोख हवा आहे. १९४० च्या ‘फँटेशिया’तला डोंगराएवढा चेर्नाबॉग, १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तली शिंगांची मॅलिफिसंट, यांच्या राज्यात पाऊल टाकल्यावर पोटात गोळा आलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, अहो, ही लेकराबाळांची बाग आहे. चार वर्षांच्या पोरीला रडवून तुम्हाला काय मिळणार? तिसरा गट वैतागलेला आहे. त्याला भीती वाटते ती खलनायकाचा गुळमट लाडोबा होण्याची. त्याला कारणही आहे. २०१४ मध्ये मॅलिफिसंटवर, २०२१ मध्ये क्रुएलावर चित्रपट निघाले आणि दोघींच्या दुष्टपणाला दुःखाची पार्श्वकथा चिकटवली गेली. मे २०२५ मध्ये फ्लोरिडातल्याच दुसऱ्या बागेत एक रंगमंचीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात खलनायक जादूच्या आरशापुढे येऊन आपल्यावर किती अन्याय झाला याचं गाऱ्हाणं घालतात आणि प्रेक्षक टाळ्यांनी कौल देतात. त्याच महिन्यात शेजारच्या युनिव्हर्सल कंपनीने आपल्या नव्या बागेत ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा एक गंभीर, काळाकुट्ट विभाग उघडला. तुलना होणारच होती.

हे सगळं वाचून जालन्यातल्या माणसाने डोकं का शिणवावं? आमच्याकडे सळईचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, मोसंबी आहे. करमणुकीची बाग म्हणाल तर मोतीबाग, आणि जत्रेत येणारा आकाशपाळणा. पण असुरांच्या बाबतीत हा मुलूख फ्लोरिडाला हार जाणारा नाही. जालना शहर रामाच्या काळातलं, इथे सीतामाई राहिली होती आणि गावाचं नाव तेव्हा जनकपूर होतं, ही आख्यायिका ब्रिटिशांच्या गॅझेटियरातसुद्धा नोंदलेली आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी रामायण लिहायला घेतलं तेव्हा सुंदरकांड आणि युद्धकांड ही दोनच कांडं निवडली. म्हणजे बालपण नाही, स्वयंवर नाही, थेट लंका आणि रावण. आणि मंठ्यावरून पुढे गेलं की जिल्ह्याची हद्द संपताच बुलढाण्यातलं लोणार लागतं. असुराच्या नावाचं अख्खं सरोवर.

लोणारची कथा मला कुठल्याही राइडपेक्षा सरस वाटते. लवणासुर जमिनीखालच्या विवरात दडून बसला होता. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींना भुलवलं आणि त्याचा ठावठिकाणा काढून घेतला. मग पायाच्या अंगठ्याने विवराचं झाकण उडवलं. ते झाकण नैर्ऋत्येला, म्हणजे आमच्या बाजूला, ढाकेफळला जाऊन पडलं म्हणतात. असुर मेला, त्याचं रक्त म्हणजे सरोवराचं पाणी आणि त्याचं मांस म्हणजे त्यातला क्षार. खरं विवर उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काळ्या बसाल्ट खडकात कोरलं गेलेलं. गावात दैत्यसूदनाचं शिल्पांनी भरलेलं मंदिर आहे. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झालं. शास्त्रज्ञांनी खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. ते बरोबरच आहे, पण त्या आठवड्यात लवणासुराची आठवण न काढलेला माणूस आमच्या भागात सापडला नसता.

आता मूळ प्रश्नाकडे. खलनायकाला किती भेसूर करायचं हा वाद डिस्नीवाल्यांना नवा नाही. १९५५ मध्ये पहिली बाग उघडली तेव्हापासून तिथे हिमगौरीची राइड होती. आणि गंमत अशी की त्यात हिमगौरीच नव्हती. कल्पना अशी होती, की गाडीत बसलेला प्रवासी हाच हिमगौरी. चेटकीण येते ती त्याच्याच अंगावर. ही कल्पना प्रेक्षकांच्या लक्षातच आली नाही. पोरं रडत बाहेर पडायची आणि आईबाप विचारायचे, नायिका कुठे आहे? १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या राइडच्या नावातच ‘भीतिदायक’ हा शब्द घातला गेला आणि हिमगौरीची मूर्ती आत आली. फ्लोरिडातली जास्त करडी आवृत्ती १९९४ मध्ये सौम्य करावी लागली आणि २०१२ मध्ये ती कायमची बंद झाली. कॅलिफोर्नियातल्या राइडचं २०२१ मध्ये पुन्हा बारसं झालं, आणि आता तिच्या नावात भीतीचा मागमूस नाही. १९९५ मध्ये फ्लोरिडात परग्रहावरच्या राक्षसाचा एक खेळ सुरू झाला होता. अंधाऱ्या खोलीत, खुर्चीला जखडलेल्या प्रेक्षकाच्या मानेवर राक्षस श्वास सोडायचा. तो २००३ पर्यंत टिकला, आणि त्या जागी एका खोडकर निळ्या प्राण्याचा खेळ आला.

या सगळ्यात सर्वांत उद्बोधक कहाणी आहे ९ ऑगस्ट १९६९ रोजी उघडलेल्या भुताच्या वाड्याची. वाडा कसा असावा यावर दोन कलावंतांचं पटेना. क्लॉड कोट्स हा वातावरणाचा माणूस. त्याला लांबलचक बोळ, हलणारे दरवाजे, न दिसणारं काहीतरी असं हवं होतं. मार्क डेव्हिस हा पात्रांचा माणूस. त्याला गमतीदार भुतं हवी होती, एकेका चित्रात एकेक विनोद. वॉल्ट डिस्नी डिसेंबर १९६६ मध्येच वारले होते, त्यामुळे निकाल द्यायला कोणी उरलं नव्हतं. शेवटी वाड्याचा पहिला भाग कोट्सच्या पद्धतीने अंधारा झाला आणि उत्तरार्धात डेव्हिसची भुतं नाचू लागली. योगायोग पाहा. विनोदाचा हट्ट धरणाऱ्या याच डेव्हिसने मॅलिफिसंट आणि क्रुएला पडद्यावर जिवंत केल्या होत्या. ज्याच्या हाताला खरी भीती साधते त्यालाच हसण्याची गरज कळते, असं मला वाटतं. आणि क्रमही महत्त्वाचा. आधी घाबरवा, मग हसवा. उलट केलं तर दोन्ही वाया जातं.

हा क्रम मराठी रंगभूमीला पाठ आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आठवा. आधी ती दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ च्या नव्या प्रयोगात वैभव मांगलेंनी. लहान मुलं आधी आईच्या कुशीत तोंड खुपसतात आणि दहा मिनिटांनी त्याच चेटकिणीला ओरडून उत्तरं देतात. नाव नायकाचं, पण घरी जाताना बोलायचं ते चिंचीबद्दल. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू १९९३ मध्ये आला. रामदास पाध्यांची बाहुली, आवाज पुन्हा प्रभावळकरांचा. तेव्हा घाबरून खुर्चीखाली लपलेली पिढी आज त्याचे मुखवटे घालून वाढदिवस साजरे करते. महेश कोठाऱ्यांच्या चित्रपटांतल्या खलनायकांची नुसती नावं घेतली तरी चाळिशीतली माणसं खुलतात. टकलू हैवान, कवट्या महाकाळ, कुबड्या खवीस. मराठीत खलनायकांचा विभाग उघडायचा म्हटलं तर पात्रांची यादी तयार आहे. फक्त जमीन आणि भांडवल हवं.

कोकणातल्या दशावतारात हेच शतकांपूर्वी झालेलं आहे. पूर्वरंगात संकासुर येतो, वेद पळवणारा असुर. पण नखशिखांत काळा पोशाख, डोक्यावर टोकदार टोपी, आणि तोंडी मालवणीतली चेष्टामस्करी. गावातल्या पुढाऱ्यापासून समोर बसलेल्या पाहुण्यापर्यंत कोणीही त्याच्या तावडीतून सुटत नाही. लोक विष्णूला नमस्कार करतात आणि संकासुराची वाट पाहतात. मात्र हे सगळं पूर्वरंगापुरतं. विष्णूशी लढाई होते, संकासुर पडतो आणि मुख्य आख्यानात त्याला जागा नसते.

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. चाहते भीती किती आणि हसू किती याचं प्रमाण मोजत बसले आहेत. आपल्या परंपरेने मोजली ती मुदत. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत नरकासुर उभे राहतात. गवत, कागद आणि फटाक्यांनी भरलेले, काही तर दुमजली घराएवढे. पोरं महिनाभर खपतात, रात्रभर गाणी वाजतात, स्पर्धा होतात आणि पहाटे त्याला जाळलं जातं. घरी आल्यावर अभ्यंगस्नान आणि पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं. गोव्यातही सुराचा वाद आहेच. नरकासुर दरवर्षी वाढतो आहे आणि श्रीकृष्ण आकसतो आहे, आवाज असह्य होतो, हा राक्षसाचा उदो उदो झाला, असं एक बाजू म्हणते. ही गल्लीतल्या पोरांची कला आहे, असं दुसरी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण सकाळी तो उरत नाही, यावर दुमत नाही. आपल्याकडे दसऱ्याचा रावणही एका संध्याकाळपुरता.

डिस्नीलाही हे कधीकाळी उमगलं होतं. फ्लोरिडात १९९५ पासून हॅलोविनच्या मोसमात काही रात्री खास तिकिटाचा मेळा भरतो. खलनायक त्या रात्रींत मोकाट हिंडतात आणि मोसम संपला की परत जातात. कॅलिफोर्नियात १९९२ पासून नदीकाठी होणाऱ्या रात्रीच्या खेळात २०२३ पर्यंत मॅलिफिसंट ड्रॅगन व्हायची आणि मिकी तिला हरवायचा. आता मात्र बाराही महिने, सकाळी दार उघडल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत खलनायकाचंच राज्य असणार. भरदुपारी, घामाने डबडबलेल्या गर्दीत, हातात आइसक्रीम धरून. तिथे भेसूरपणा हास्यास्पद ठरतो आणि विनोद शिळा होतो. सूर कुठलाही लावा, दिवसरात्र एकच राग आळवला की कान विटतात.

मुदत संपलेल्या खलनायकाचं पुढे काय करायचं, यालाही आपल्याकडे एकच उत्तर नाही. जेजुरीचं उदाहरण घ्या. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ. खंडोबाने मणीला पाडलं तेव्हा तो शरण आला, आपला घोडा त्याने देवाला दिला आणि जवळ राहण्याचा वर मागितला. तो आजही जेजुरीत पुजला जातो. मल्लाने मरताना जगाचा नाश मागितला, म्हणून त्याचं मस्तक पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. एकाच आईच्या पोटचे दोन असुर, आणि दोघांसाठी दोन सूर. चंपाषष्ठीला या दोघांशिवाय उत्सवच नाही.

बळीराजाचं तर विचारूच नका. पुराणाप्रमाणे तो असुर, वामनाने पाताळात धाडलेला. तरी पाडव्याला शेतकऱ्याच्या घरी ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असंच म्हणतात. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ही गोष्ट उलटी करून मांडली. त्यांच्या मांडणीत बळी हा रयतेचा राजा आणि वामन हा उपरा. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्यात रावणाची मूर्ती पुजतात, तिथे रावणदहन होत नाही. राज्यातल्या काही आदिवासी संघटनाही दहनाला विरोध करतात. हे वाद गंभीर आहेत. त्यांची मॅलिफिसंटच्या पार्श्वकथेशी सरसकट बरोबरी करणं मला योग्य वाटत नाही. तिथे एका कंपनीने आपल्याच पात्राला नवा सदरा शिवला. इथे कोणाचा पूर्वज राक्षस ठरवला गेला, हा प्रश्न आहे.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाचं काम करतो आणि डिस्नीच्या बातम्या भक्तिभावाने वाचतो. त्याच्यापुढे हा मुदतीचा सिद्धान्त मांडला तेव्हा त्याने हसून मान हलवली. “काका, माणूस आयुष्यात एकदा फ्लोरिडाला जाणार. विमानाचं भाडं, हॉटेल, चौघांची तिकिटं. आणि तुम्ही त्याला सांगणार, की राक्षस फक्त ऑक्टोबरातल्या ठरावीक रात्री भेटेल?” मी म्हटलं, मग रोज रात्री बाग बंद करताना एकदा तरी त्याला हरवा. तो म्हणाला, “हरवला तर दुसऱ्या दिवशी त्याचा टी-शर्ट कोण घेणार?”

यावर मला उत्तर सुचलेलं नाही. गोव्यातली पोरं नरकासुराचे टी-शर्ट विकायला लागली आहेत का, हे मात्र एकदा विचारून घ्यायचं आहे.