उंबऱ्याच्या आतला सिनेमा

विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा आढावा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटपासून सुरू करायचा, हा शिरस्ता मीही पाळतो. पण तिथे फार रेंगाळणार नाही. विनोद चोप्रांचा ‘मर्डर अॅट मंकी हिल’ (1976), श्रीराम राघवनचा ‘द एट कॉलम अफेअर’ (1987) या डिप्लोमा फिल्म्सवर पुष्कळ लिहून झालं आहे. कसब दांडगं, पण स्वयंपाकघराचा वास त्यांत येत नाही.

तो आला उमेश कुलकर्णीच्या ‘गिरणी’त (2004). आई पोटापाण्यासाठी घरात पिठाची गिरणी आणते. पोराला आधी तिचं अप्रूप, मग जाच. आईचे कष्ट दिसत असताना त्या कष्टांचा राग येणं, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांनी कायम झाकून ठेवलेली गोष्ट. उमेशने ती एका यंत्राच्या घरघरीतून बाहेर काढली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नसता, तरी मी तिला इतकंच मानलं असतं.

त्यानंतर कौशल ओझाच्या ‘आफ्टरग्लो’मध्ये नवऱ्यामागे उरलेली पारशी बाई आली. पायल कपाडियाच्या ‘आफ्टरनून क्लाउड्स’मध्ये (2017) साठीची विधवा काकी आणि तिच्याकडे कामाला असलेली नेपाळी मालती. एक दुपार, गॅलरीत उमललेलं फूल, आणि मालतीला अवचित भेटलेला गावाकडचा मुलगा. एकाच छपराखाली राहूनही दोघींची घरं वेगळी आहेत, हे तेरा मिनिटांत कळतं. अश्मिता गुहा नियोगीचा ‘कॅटडॉग’ (2020) आणि चिदानंद नाईकचा कन्नड लोककथेवरचा ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ (2024), दोघांनी कानच्या विद्यार्थी विभागात पहिला क्रमांक मिळवला. आनंदच आहे.

पण माझा जीव अडकलाय तो ‘पिस्तुल्या’त. जेऊरच्या नागराज मंजुळेने तो अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेताना केला. तिथे ना स्टुडिओ, ना जागतिक सिनेमाचा वारसा. शाळेची ओढ लागलेला गावकुसाबाहेरचा पोरगा एवढंच भांडवल. सूरज पवारचा चेहरा पाहा: शाळेकडे बघताना त्यात हावरेपणा आहे, केविलवाणेपणा नाही. ‘मी इथला आहे का?’ हा प्रश्न तो तोंडाने विचारत नाही, नुसता उभा राहतो. 58व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली, आणि हाच सूरज पुढे ‘फँड्री’त, ‘सैराट’मध्ये दिसला.

आमच्यातल्या काही जाणकारांनी तेव्हा ‘हा विषयाचा विजय आहे, सिनेमाचा नाही’ असा शेरा मारला होता. त्यांचं हे म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कॅमेरा कोणाच्या उंचीवर धरायचा हा निर्णय सिनेमाचाच असतो, आणि वस्तीत वाढलेल्या माणसाला ती उंची शिकवावी लागत नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून येणारे लघुपट हाच या प्रकाराचा कणा आहे, हे मी वर्षानुवर्षं लिहितोय.

म्हणूनच हल्लीच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसताना त्रास होतो. फिल्मची रिळं मोजून मिळत, तेव्हा प्रत्येक शॉटआधी तालमी व्हायच्या, वाद व्हायचे. आता फोनवर हवं तेवढं चित्रण होतं, त्याचं स्वागतच. पण विचार आटला. सुरुवातीला ड्रोनमधून गाव, मधे पियानो, शेवटी बापाच्या फोटोपुढे निवेदन: ‘मला माझी मुळं सापडली.’ बाप जेवताना कसा बसायचा, आईशी कोणत्या सुरात बोलायचा, हे विचारलं तर दिग्दर्शक गप्प. घर सांगितलं जातं, दाखवलं जात नाही.

आणि जे चांगले आहेत, तेही हरवताहेत. निकाल लागला की लघुपट कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहतो. महाविद्यालयांच्या माध्यम विभागांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक विद्यार्थ्याच्या लघुपटाची एक प्रत ग्रंथालयात ठेवा, आणि वर्षातून एकदा त्याच्याच गावात, त्याच्या घरच्यांसमोर तो पडद्यावर दाखवा.